तो पॉइंटर विश्वासू धरला

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरणारा प्रत्येक प्रोग्राम आधी आमचा व्हेरिफायर तपासतो. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, विश्वासू धरला की तो बरोबरच आहे असं मानून पुढे जातो. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या रेवतीनं विचारलं होतं, "अक्का, या फंक्शनला मिळणारा पॉइंटर बाहेरून येतो. अविश्वासू धरूया का?" मी म्हटलं, "आता वेळ नाही, विश्वासूच धर." तिनं ऐकलं.

आज तो पॉइंटर केव्हाच मोकळ्या केलेल्या मेमरीकडे नेणारा निघाला आणि गिऱ्हाइकाची सगळी मशीनं बंद पडली. अविश्वासू धरला असता, तर वाचताना नुसतं शून्य मिळालं असतं, मशीनं चालू राहिली असती. एवढंच.

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" रेवती म्हणाली, "मी." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गप्प का बसले? नोकरीची भीती? की नुसती सवय?

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग कळव की साहेबांना." कळवलं. निर्णय माझा होता, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांचा लगेच फोन आला, "तिला दुपारीच काढलंय. आता हे उकरू नका."

रेवतीला फोन केला. माझं सगळं ऐकून घेऊन ती हळूच म्हणाली, "तुमचं काय चुकलं, अक्का? मीच पुन्हा एकदा विचारायला हवं होतं."