घरबसल्या बटण

सोमवार, ३ जून
संकल्प: आजपासून सर्व्हर रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. तसं बऱ्याच दिवसांत टाकलेलं नाही, पण संकल्प केला की आळसाचं धोरण होतं.
आणि जायचं कशाला? प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक चिमुकला कंट्रोलर असतो. सर्व्हर मेला तरी हा जागा. घरून हुकूम सोडला की हा सर्व्हर चालू करतो, बंद करतो, पंखा किती फिरतोय तेही सांगतो. उलट बोलत नाही, चहाला जात नाही. सर्व्हर रूममध्ये दिवसभर स्वेटर घालून बसणारा माणूस मात्र दोन्ही करतो. तो माणूस म्हणजे माझा मेहुणा, हिचा थोरला भाऊ. त्यानेच माझी इथे शिफारस केली होती असं ही म्हणते. मला तसं आठवत नाही.

शुक्रवार, ७ जून
मोठ्या साहेबांपुढे प्रेझेंटेशन. विषय: माणूसविरहित सर्व्हर रूम. उपव्यवस्थापकाची केबिन रिकामी आहे, हे मनात ठेवून बोललो. शेवटी एक विनोद टाकला की काम इतकं सोपं आहे, घरी बसून माझा मेहुणासुद्धा करेल. हशा पिकला. मेहुणा तिथेच प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता. तोही हसला. वायर हलली आणि पडदा क्षणभर काळा झाला. बेजबाबदारपणा.
साहेबांनी वाक्य लिहून घेतलं.

बुधवार, १२ जून
मंजूर! मेहुण्याची जागा रद्द. साहेब म्हणाले, तुम्हीच सांगा त्यांना, घरचेच आहात. म्हटलं, नक्की. अशा गोष्टी समोरासमोर बसूनच सांगायला हव्यात. उद्या सांगतो.

शनिवार, १५ जून
उद्या-उद्या करता करता राहून गेलं. शेवटी आज सोफ्यावरूनच त्याचं कार्ड बंद केलं. माणुसकीच्या दृष्टीने हेच बरं. उगाच रडारड नको.
दाराचा कॅमेरा उघडून बघितलं. तो डबा घेऊन आला, कार्ड लावलं. दार उघडेना. पँटला पुसून पुन्हा लावलं. मग आमच्याच घरी फोन केला. मी आवाज बंद केला. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून त्याने हात हलवला. मीही हलवला. त्याला दिसणार नव्हतं, पण आपले संस्कार आपल्यापाशी.
संध्याकाळी नोकरी गेल्याचं पत्र पोचलं असेल.

मंगळवार, १८ जून
एक बारीकशी बाजू निसटली होती. नोकरीबरोबर मेहुण्याला ऑफिसमागची खोली मिळालेली होती. नोकरी गेली तशी खोली गेली. ही त्याला गादीसकट घरी घेऊन आली.  
तो माझ्या अभ्यासिकेत राहतो. माझ्या खुर्चीत बसतो. मला म्हणतो, जावईबापू, पंखा जरा मोठा करता का?
मी न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर काम करतो. तिथे एकाग्रता चांगली होते.

रविवार, २३ जून
आज सगळ्या कंट्रोलरचे नेटवर्कवरचे पत्ते एकाच हुकमात बदलले. सुरक्षेसाठी. लोक एकेक बदलत बसतात, आधी एकावर करून बघतात. भित्रे लेकाचे.
आतून मेहुण्याचं घोरणं, शेजारी नळाची टपटप, तेवढ्यात ही म्हणाली, उठा, दादाला अंघोळीला जायचंय. घाईत नव्या पत्त्यात एक आकडा चुकला. कंट्रोलर बिचारे आज्ञाधारक. सगळेच्या सगळे चुकीच्या पत्त्यावर राहायला गेले. परत बोलवावं तर माझा हुकूम तिथे पोचत नाही. आता एकच मार्ग, तिथे जाऊन एकेकाला हाताने वळणावर आणणं.
चूक कुणाची? घोरणाऱ्याची.

सोमवार, २४ जून
सर्व्हर चालू आहेत. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काहीही झालेलं नाही. साहेबांना रिपोर्ट पाठवला: सर्व उत्तम.

गुरुवार, २७ जून
आमच्याकडे ठेवलेला एका कुरियर कंपनीचा सर्व्हर अडकला. नुसतं बटण दाबून बंद-चालू करायचं. शांतपणे कंट्रोलरला हुकूम दिला. उत्तर नाही. शांतपणे रिक्षा केली.
माझं कार्ड चालेना. म्हणे वापरलंच नाही म्हणून कधीच रद्द झालंय. वॉचमन म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही, सर्व्हरवाले साहेब तर सोडून गेले. त्याला माझं पद सांगितलं. त्याने मला बाकावर बसवलं. शेवटी मेहुण्याला फोन करावा लागला. तो बनियनवर शर्ट चढवून आला आणि वॉचमनला म्हणाला, सोडा हो, आमचेच जावई आहेत.
आत भयंकर थंडी. कपाटंच कपाटं, सगळी सारखी. मेहुणा बाहेरून काहीतरी सांगत होता, पण मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही. आत्मविश्वासाने बटण दाबलं. ते साहेबांच्या मेलच्या सर्व्हरचं निघालं.

शुक्रवार, २८ जून
साहेबांनी बोलावलं. वाटलं, केबिनचं असेल. त्यांनी माझंच वाक्य वाचून दाखवलं, घरी बसून मेहुणासुद्धा करेल ते. म्हणाले, तुमच्या शब्दावर विश्वास आहे. घरून बटण दाबायचं काम आता तुमचे मेहुणेच बघतील, खुर्ची-टेबल तयारच आहे म्हणे. आणि बिघडलेले कंट्रोलर हाताने नीट करायला तिथे माणूस लागेल, तो तुम्ही. राहायला मागची खोली आहे, दाराचं नवं कार्डही मिळेल.
ही बढती आहे का ते विचारायचं राहिलं. पण प्रत्यक्ष मैदानावरचा अनुभव केबिनआधी लागतोच.
घरी सांगितलं. ही म्हणाली, दादाचा स्वेटर घेऊन जा.

बुधवार, १० जुलै
रोज पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून एकेक कंट्रोलर ताळ्यावर आणतोय. मेहुणा फोनवर असतो. जावईबापू, लाल दिवा दिसतोय का? दिसतोय. आता? आताही. मागून कपबशीचा आवाज येतो, हिचं हसणंही येतं. ती माझ्याशी फोनवर बोलत नाही. कामात व्यत्यय नको म्हणून असेल.
एकटं वाटतं. हे फक्त इथेच लिहितो.

शुक्रवार, १९ जुलै
शेवटचा कंट्रोलर जागा झाला! मेहुण्याने घरून प्रत्येक सर्व्हर बंद-चालू करून पाहिला. एकही अडला नाही. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. म्हणाले, तुमची योजना अखेर पूर्ण झाली, आता तिथे कुणाचीच गरज नाही. मन भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला समजून घेतलं.
सोमवारी केबिन.

सोमवार, २२ जुलै
वही आतल्या टेबलावर राहिली, म्हणून हे फोनवर लिहितोय. इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा आहे. कार्ड लागत नाही. मळलं असेल. पँटला पुसून पुन्हा लावलं. घरी फोन केला, वाजून वाजून बंद झाला.
मग सुचलं. दाराचा कॅमेरा आता मेहुण्याकडेच असतो. वर बघून हात हलवला. त्याला दिसलो असणारच. त्यानेही हलवला असेल.