सुभेदारांच्या रायफलीचा काठ

आबा, कान्ह्याच्या सुभेदारांची रायफल पुन्हा आपल्या दुकानात आली होती. तुमच्या हातून शेवटची दुरुस्त झालेली, तीच. डुकरांच्या मागे धावताना सुभेदार बांधावरून घसरले आणि नळीचं तोंड दगडावर आपटलं. तेव्हापासून गोळी वीतभर डावीकडे जाऊ लागली. भात पोटरीला आलेलं, डुकरं शेतं तुडवून टाकतायत, आणि लढाईमुळे काडतुसं मिळेनाशी झालेली. एकही वाया घालवायची सोय नाही. दुकानाचा बंदूक-दुरुस्तीचा परवाना आता काकांच्या नावावर आहे, पण त्यांना मोतीबिंदूने नीट दिसत नाही, म्हणून बारीक काम मी करते. सुभेदारांना हे ठाऊक नव्हतं. "पोरगी कापणार व्हय नळी?" ते काकांना म्हणाले. "आवो, ही काय शेव-चकली न्हवं." काका हसले. "सुभेदार, तिच्या बापानं तिला शेवेवरच शिकवलंय."

ते ऐकलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. दिवाळीचे दिवस आहेत. आई कढईवर सोऱ्या धरून बसली आहे आणि चकतीच्या एका भोकातली शेव सारखी बाजूला वळून शेजारच्या शेवेला चिकटते आहे. तुम्ही लोकोशेडमधली नोकरीची पाळी उरकून नुकतेच आलात, कपडे अजून कोळशाचे, आणि तसेच चुलीपुढे उकिडवे बसलात. चकती काढून धुतलीत, आईच्या वातींमधला चिमूटभर कापूस माझ्या हातात दिलात आणि प्रत्येक भोकाच्या काठावरून आतून बाहेर ओढायला लावलात. एका ठिकाणी धागा अडकला. "हितं बघ," तुम्ही म्हणालात, "पीठ सगळीकडनं सारखंच येतंय. पर सुटताना काठ एका अंगाला अडवतोय, म्हून मान वळवतंय. गोळीचं बी तसंच. नळीत कितीबी सरळ धावू दे, सुटताना काठ चहूबाजूनं सारखा पायजे." आई म्हणाली, "बंदुका दुकानात ऱ्हाऊ द्या. माझ्या सोऱ्याला कानस लावाल तर जेवायला वाढायची न्हाई." तुम्ही कानस लावलीतच. शेव सरळ पडली, आणि आईने वाढलंही.

मुळाक्षरं तुम्ही मला दुकानातल्या पत्र्यावर खडूने शिकवलीत. शाळेत मी नंतर गेले. पण नळीचं तोंड कापायच्या कटरची दांडी निवडायला शिकवलंत ते अक्षरांपेक्षाही सावकाश. कटरच्या पुढे ती पितळेची गुळगुळीत दांडी असते, नळीच्या आत शिरून कटरला मधोमध धरून ठेवणारी. एकदा मी चकचकीत दिसली म्हणून एक दांडी उचलली. नळीत ती सहज शिरली म्हणून मला आनंद झाला होता. तुम्ही ती काढून घेतलीत. "सहज गेली म्हणून खूश व्हतीस? पायात सैल वहाण घालून घाट चढशील का?" मग एकेक दांडी लावून बघायला लावलंत. जी अडतही नाही आणि डुगडुगतही नाही ती सापडेपर्यंत मला जेवायला जाऊ दिलं नाहीत. मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कटरला शिसवीची नवी मूठ बसवून आणलीत, माझ्या तळहाताच्या मापाची. ती मूठ आता मला लहान पडते. काम झालं की तळव्यावर वळ उठतो. तरी मी ती बदललेली नाही.

सुभेदारांची नळी वाइसच्या जबड्यात चामड्याच्या पट्ट्या घालून आवळली आणि माझ्याने पुढे काही करवेना. नळी बिघडवीन ही भीती मला नेहमीच असते, तिची सवय झाली आहे. ही भीती वेगळी होती. दगडाने पडलेला खळगा काठाच्या खाली उतरलेला, म्हणजे तो निघेपर्यंत सगळा घेर कापून काढावा लागणार. आणि तो घेर तुमचा. तापात उठून तुम्ही तो कापलात आणि पुढची अमावास्याही तुम्ही पाहिली नाहीत. काका अजून गिऱ्हाइकांना सांगतात, "अंगात ताप होता, पर हात हलला न्हाई." तुमची टोपी आईने जपून ठेवली आहे, पण टोपी काय कुणीही घालतं. तुमचा हात म्हणावा असा एवढाच काठ उरला होता. मी त्यावरून कापूस फिरवला. खळग्यापाशी धागा अडकला, तो अडकायचाच. जरा पुढे आणखी एका जागी अडकला, अगदी हलका. तोही दगडामुळेच, असं मी स्वतःला सांगितलं.

काम तुम्ही शिकवल्यासारखंच केलं. आधी नळीत तेलाच्या चिंधीचा बोळा, कीस आत जाऊ नये म्हणून. मग सपाट कटर. हाताने दाबायचं नाही, त्याच्या वजनानेच कापू द्यायचं, आणि उलटं फिरवायचं नाही, दात मरतात. तोंड सपाट झाल्यावर उताराचा कटर, काठ जरा आत राहावा, पुन्हा कशावर आपटला तरी वाचावा म्हणून. शेवटी काठ घासायला पितळेची गोटी, कुरुंदाची पूड आणि तेल. गोटी फिरवताना तिची मूठ सगळीकडे कलती करत राहायची, कुठल्याच बाजूची बाजू घ्यायची नाही. कापूस फिरवला. कुठेच अडकला नाही. उजेडात धरलं तर काठावर पातळ, सारखं कडं चमकत होतं. मग बोळा काढून नळी पुसली.

काका आणि मी आगगाडीने कामशेतला उतरलो, तिथून बैलगाडीने कान्ह्याला गेलो. ओढ्याच्या पलीकडे मुरमाच्या दरडीला रॉकेलच्या डब्याचा पत्रा उभा केला होता, त्यावर चुन्याचा ठिपका. सुभेदार पोटावर झोपले, श्वास धरला, चाप ओढला. गोळी ठिपक्याच्या उजवीकडे लागली. चार बोटं उजवीकडे. कापलेलं आता पुन्हा जोडता येणार नाही, तुमचा काठ गेला तो गेला, आणि त्याच्या जागी मी हे केलं. "काका," मी म्हटलं, "माझं चुकलं." सुभेदार मात्र पत्र्याकडे बघत तसेच पडून होते. मग हसायला लागले. "तुझं काय चुकतंय गं! माझा हात सवकलाय." ते उठून बसले. "तुझ्या आबानं नळी दिली तवापासनं ती चार बोटं डावी जायची. मी तेवढी उजवीकडं धरायचो."

"मग परत का न्हाई आणलीत?" काकांनी विचारलं.

"आणणार व्हतो की. निरोप आला आबा गेल्याचा." त्यांनी नळीवरची माती बोटाने पुसली. "मग कुनाला सांगायचं? अन् सांगून काय? धरत गेलो उजवीकडं."

दुसरी गोळी त्यांनी सरळ धरली. ठिपका फुटला. परतताना कामशेतला बैलगाडीतून उतरल्यावर काका म्हणाले, "तुझ्या आबाला तवा दिसत नसंल गं. आपल्याला बोलला न्हाई."

आबा, इतकी वर्षं मी प्रत्येक नळी मनातल्या त्या काठाशी ताडून पाहत आले. तुमचा हात तापाने थरथरत होता, कापूस कुठे अडकला ते तुम्हाला दिसत नव्हतं, हे तेव्हा कळलं असतं तर कापूस मी धरला असता. तुम्ही नुसती हाक मारायची होती. मी तर बाहेर ओट्यावरच होते.

हा कागद कटरांच्या पेटीत, तुमच्या दांड्यांखाली ठेवते आहे. तेल लागेल, लागू दे. पण एक सांगते, जे काकांनाही सांगितलं नाही. पहिली गोळी चुकली, तेव्हा घाबरण्याच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं होतं. वाटलं, तुमचाच काठ चांगला होता.