रिकामा प्लग

१६ ऑगस्ट, रविवार

झालं! माझ्या घराला डोळे फुटले.

लेकीने वालेन्सियाहून पैसे भरले, जावईबापू इकेर यांनी इंटरनेटवर खोकं निवडलं, आणि काल बेन्तांकोर नावाचे एक गृहस्थ येऊन दिवसभर माझ्या भिंतींना काहीबाही चिकटवत बसले. अत्तर इतकं की पडद्यांना अजून वास येतोय. दाराला सेन्सर, झोपायच्या खोलीत सेन्सर, बाथरूममध्येसुद्धा! "एलिदाबाई, हा कॅमेरा नाही हो. फक्त हालचाल कळते." म्हणजे बघत नाही, नुसती चुगली करतो. मोठाच दिलासा!

अट रोसिनाची. "आई, एकटीच राहायचं असेल तर हे हवंच. एखादी खोली दिवसभर गप्प राहिली तर मला इथे कळेल. मग मी तुझं काही ऐकणार नाही, सरळ वृद्धाश्रम." तिने इथे मोन्तेविदेओतच, प्रादो भागातला एक बघूनही ठेवलाय. बाग आहे म्हणे. मला काय कुंडीत लावणार आहात?

ह्या घरातून मी उठेन ती आडवी होऊनच. तोवर लुकलुकू देत बापडे.

१८ ऑगस्ट

समोरच्या दारातली नीबिया चौकशीला आली. येणारच. जिन्यात मांजर शिंकलं तरी ही बाई दार उघडते. "अगं, एवढीशी डबी, ती स्पेनपर्यंत ओरडते कशी?"

ओरडत नाही, म्हटलं. बेन्तांकोरने सांगितलं त्यातलं जेवढं ऐकलं होतं तेवढं तिला ऐकवलं. हे सेन्सर बॅटरीवरचे, त्यामुळे जीव वाचवून असतात. दिवसभर झोपा काढतात. मी हलले की दचकून उठतात, जवळच्या कुणाच्या तरी कानात एक शब्द टाकतात आणि परत घोरायला लागतात. माझा नवरा ओस्वाल्दो असाच होता. मग जे विजेवर चालतात आणि सतत जागे असतात, ते तो शब्द एकाकडून दुसऱ्याकडे देत देत दिवाणखान्यातल्या मुख्य डबीपर्यंत नेतात. तिथून राउटर, तिथून रोसिनाचा फोन.

"म्हणजे आपला शुक्रवारचा बाजारच की गं! तू मासेवालीपाशी बोलतेस, ती अंडीवालीला सांगते, दुपारपर्यंत माझ्याकडे हजर!"

मूर्ख बाई, पण हे बरोबर बोलली. मी तसं कबूल केलं नाही. माझ्या येर्बा चहाचा अख्खा थर्मास संपवून गेली.

२१ ऑगस्ट

नवा हुकूम — "आई, दिवे भिंतीवरच्या बटणाने बंद करायचे नाहीत हं. दिवा मेला की निरोप अडतो." आता माझ्याच घरात दिव्याची मर्जी सांभाळायची!

२९ ऑगस्ट

एकोणतीस तारीख, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे बटाट्याचे न्योकी उकडले. एकटीपुरते करायचे म्हणजे बटाटा कमी आणि पसारा तेवढाच. महिनाभर पैसा टिकावा म्हणून ताटलीखाली नोट ठेवली. रोसिना ह्याला अडाणीपणा म्हणते. स्वतः मात्र भिंतीतल्या डबीवर श्रद्धा ठेवून बसलीय.

३१ ऑगस्ट, सोमवार

सांता रोसाचं वादळ आलं! वेधशाळेने काहीही म्हणो, दरवर्षी ऑगस्टअखेरीला ते येतंच. आईने लहानपणापासून शिकवलेलं सगळं केलं — आरशावर चादर टाकली, घरातले सगळे प्लग उपटले. फ्रिज, टीव्ही, ती मुख्य डबी, सगळं. वरच्या मजल्यावरही उपटाउपटी ऐकू येत होती. हा बेन्तांकोर काय समजतो, मोन्तेविदेओत सांता रोसाच्या विजा कडाडताना कोणी प्लग लावून ठेवेल?

पाऊस सरल्यावर सगळं परत लावलं. तेव्हा बोळकंडीतला तो पांढरा प्लग हाती आला. त्याला काहीच जोडलेलं नाही! ना दिवा, ना पंखा. नुसता भिंतीत बसून फुकट वीज खातोय. ह्याला म्हणतात अत्तरवाल्याची कारागिरी. स्वयंपाकघराच्या खणात टाकून दिला.

१ सप्टेंबर

पलंगावरून पाय खाली टाकला की बोळकंडीतला दिवा लागायचा, तो लागला नाही. बाथरूममधला डोळा लाल लुकलुकतोय. झोपायच्या खोलीतलाही.

लाल म्हणजे निरोप पोचला नाही, आणि तिकडे ताईंच्या फोनवर ती खोली राखाडी होते — हे बेन्तांकोरचं वाक्य मात्र माझ्या बरोब्बर लक्षात आहे. मेले! आता फोन येणार. दिवसभर तो बरोबर घेऊन फिरले. आला नाही. कामात असेल.

३ सप्टेंबर, गुरुवार

बाथरूममध्ये पडले.

सकाळी. अंधारात चप्पल सरकली. कमरेवर आपटले आणि तशीच फरशीवर पडून राहिले. फरशी बर्फासारखी गार! डोक्यावर तो दीडदमडीचा डोळा लाल लुकलुकत होता — हलते आहे, हलते आहे — आणि ऐकून घेणारं कोणी नाही. दिवाणखान्यात माझा फोन. वाजला तर वृद्धाश्रम, हे पक्कं माहीत होतं. तरीसुद्धा मनातून वाटत होतं, वाजावा.

नाही वाजला. बेसिनची कड धरून उठले एकदाची. कंबर काळीनिळी झालीय, मोडलं काही नाही. नीबियाला म्हटलं, थंडीने आखडलेय. तिने सूप आणून दिलं. मीठ नेहमीसारखं जास्त.

४ सप्टेंबर

लंगडत बाजारात गेले. न जावं तर नीबियाने शंका घेतली असती. अंडीवालीच्या जागी आज कोणीच नव्हतं, मुलीचं बाळंतपण करायला गेलीय. मासेवालीने मला ताजी भानगड सांगितली — तीन दिवस जुनी! — आणि नीबियाला तिचा पत्ताच नाही. चिडली की बया. "मला कसं कोणी सांगितलं नाही?" अगं, मधली बाई जागेवर नाही, तर तुझ्यापर्यंत येणार कुठून!

आणि भर बाजारात कोबी हातात धरून मी थांबले. प्लग! तो रिकामा प्लग काही चालवत नव्हता, कारण त्याचं काम ते नव्हतंच. घराच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला निरोप देणारा मधला तोच. आमच्या भिंती हातभर जाड, त्याच्याशिवाय मागच्या खोल्यांचा आवाज पुढे पोचणार कसा? मी अंडीवालीच उचलून खणात टाकली होती. शहाणी मी!

घरी येऊन खण उघडला. प्लग हातात घेतला आणि परत ठेवला. एवढ्यात लावायला नको. कमरेमुळे मी कासवासारखी चालतेय, बाथरूमला जायला दुप्पट वेळ लागतो. ते तिकडे लगेच दिसेल. कंबर सुधारू दे. तोवर रोसिनाने राखाडीबद्दल विचारलंच तर वादळाने यंत्र बिघडलं म्हणायचं. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. खरं वाटतं.

६ सप्टेंबर, रविवार

रोसिनाचा फोन. वादळाची थाप लागलीच नाही. "आई, रोज झोपण्याआधी बघते हं मी. आठवडाभर सगळ्या खोल्या हिरव्यागार! आजही सातला उठलीस ना?" हो गं, म्हटलं, सातलाच. मग ती इकेरच्या बढतीबद्दल बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मागच्या खोल्या मंगळवारपासून राखाडी, आणि हिला हिरव्यागार दिसतात! म्हणजे पोरगी उघडून बघतच नाही. फार वाईट वाटलं. फोन ठेवला, स्वेटर चढवला आणि समोर जाऊन नीबियाच्या हातात घराची दुसरी किल्ली ठेवली.