बरोबरचे चिन्ह

॥ श्री ॥

बोर्ली, दि. १२ जानेवारी २०२५

सौ. अंबिका विश्वंभर करंदीकर यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि. पत्नीस आशीर्वाद लिहिण्याची जुनी रीत तुला कधी रुचली नाही, म्हणून नमस्कार. नावामागे आता ‘कै.’ लिहावे, असे आपल्या मधुवंतीने दूरध्वनीवर सुचवले. लेक रास्त तेच सांगते, पण हाताला अद्याप ते वळण नाही.

येथील सर्व क्षेम. नारळ उतरवले, सुपारी वाळते आहे. तुला दिलेल्या शब्दानुसार दिघीला तुझ्या शिकवणीच्या खोलीवर जाऊन क्रांतीला बीजगणित शिकवतो. दहावीत याच एका विषयात ती दोनदा अडली. हा प्रयत्न अखेरचा, असे तिच्या सासऱ्यांनी बजावले आहे. उत्तीर्ण झाली तर जेटीवरील तिकीटखिडकीची जागा तिला मिळू शकेल.

प्रगती मात्र खेदजनक आहे. मी सांगतो, क्ष अधिक पाच बरोबर बारा. ती उत्तर काढते सतरा. पलीकडे नेताना चिन्ह बदलते, हा नियम तिला मुखोद्गत आहे, तरी सतराच. कशाच्या पलीकडे, असे तिने एकदा विचारले. मला तो उद्धटपणा वाटला.

फळा मी वापरत नाही, तोंडीच सांगतो. दिवाळीपूर्वी बरे वाटत नाही म्हणून तू खडू ठेवून उठलीस, तेव्हाचे २क्ष + ३ = ११ अजून तेथे आहे. त्याखाली तू पुढच्या पायरीचे बरोबरचे चिन्ह तेवढे काढून ठेवलेस. डस्टर उचलतो, आणि परत ठेवतो.

अंबाजींना त्यांची ती खोली मुलाच्या, गणराजच्या, लग्नापूर्वी हवीच आहे. किल्ल्या आताच परत कराव्यात, असे मनात आहे. उद्या क्रांतीला तसे सांगेन. राग नसावा.

तुझाच,
विश्वंभर

दिघी, ता. १५ जानेवारी

तीर्थस्वरूप काकांस क्रांतीचा सा. न. वि. वि.

समोर बोलायला जीभ उचलत न्हाय, म्हणून लिहिते. परवा तुम्ही बोललात, शिकवणी बंद, चाव्या परत. मी घरी सांगितलं न्हाय. सासरे म्हणतील, बरं झालं, आता भाकऱ्या तरी वेळेवर होतील. त्यांच्या भाकऱ्यांना कधी उशीर झालेला मला आठवत न्हाय.

काका, माझं कुठं चुकतं ते काल जेटीवर कळलं. एक बाई तिच्या लेकीला म्हणाली, माझ्याबरोबर चल. तिथंच डोक्यात उजेड पडला. तुम्ही म्हणता, पाच बरोबर बारा. मला वाटतं पाच, आणि त्याच्यासंगती बारा, दोघं एकाच होडीत. म्हणून मी मिळवत बसते. काकू बरोबर म्हणायच्याच न्हाईत. त्या म्हणायच्या, तेवढंच. आणि फळ्यावर दोन रेघा अशा ओढायच्या की खडू करकरायचा. मग डोळ्यांना दिसायचं, हे दिघी, ते आगरदांडा, मधी खाडी. नुसतं ऐकून मला खाडी दिसत न्हाय.

तुम्ही फळ्याला हात का लावत न्हाय ते मला ठाऊक हाय. मी पण तिकडं बघत न्हाय. पण काकूंचं गणित अर्ध्यात टाकून मी पेपरला कशी बसू? ते मला सोडवू द्या. मग पुसायचं काम तुमचं.

उत्तर धाडू नका. उद्या खोली उघडी दिसली की समजेन.

लेकीगत समजून माया ठेवावी.

तुमची,
क्रांती

॥ श्री ॥

बोर्ली, दि. ९ मार्च २०२५

कै. सौ. अंबिका हीस,

सप्रेम नमस्कार वि. वि. खोली मी त्या दिवशी उघडली. क्रांतीने तुझ्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना लिहिले: २क्ष, आणि आठ. मग खाली क्ष, आणि चार. मी सवयीने बरोबर म्हणालो. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. तेवढंच, असे मला म्हणावे लागले.

मी डस्टर उचलले, तर तिने अडवले. ताळा केल्याशिवाय काकू पुसू देत न्हाईत, असे तिने मला सुनावले. तिच्या तोंडी तुझ्यासाठी अजून वर्तमानकाळ आहे. चाराची दुप्पट आठ, अधिक तीन, अकरा. डावी बाजू उजवीइतकीच भरली. मग मी पुसले. तुझ्या त्या दोन रेघा सर्वांत शेवटी. त्यानंतर रोज फळ्यावरच शिकवले.

बुधवारी पेपर झाला. समीकरणे सुटली, प्रत्येकाचा ताळाही केला, असे ती सांगते. सासरे पाण्याची बाटली घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभे होते. तिकीटखिडकीत पंखा असतो का, अशी चौकशी त्यांनी माझ्याकडे केली. निकाल लागायचा आहे. पण पुन्हा बसावे लागले तरी बसू देईन, असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

बरोबर या शब्दाला दुसराही अर्थ आहे, हे इतकी वर्षे तुझ्याबरोबर राहून माझ्या ध्यानात आले नव्हते.

पुढील वर्ग आपल्या पडवीत भरेल. क्रांतीने आणखी दोघी आणल्या आहेत. फळा आज सकाळी बैलगाडीतून घरी आणला. जेथे असशील तेथून लोभ राहू दे.

खोली झाडून घेतली. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या अंबाजींना परत दिल्या.

विश्वंभर