आईची जाळी

आष्टी, रविवार संध्याकाळ

बाबा गेल्यापासून गोठ्यात पडलेली त्यांची फटफटी आज चालू झाली. मला आनंद काही होईना.

आवाज ऐकून आई बाहेर आली. पदर खोचून सवयीनं गाडीच्या मागं गेली आन् थांबली. "माझी जाळी कुठंय रे?"

तिची साडी चाकात जाऊ नये म्हणून बाबांनी लावल्ती ती जाळी. गाडी झोकात दिसावी म्हणून मी ती भंगारात दिली. मागची सीटबी काढली. एकट्यापुरती बसवली, तशी फॅशन हाय म्हणून. आईला एकदा विचारलं असतं तर?

"जाळी नवी लावतो, आई."

"राहू दे. मला आता कुठं जायचंय?"

ती आत गेली. गाडी दारात चकचकत राह्यली, एका माणसाची.