मायाक्का सीनेच्या रानात

२२ सप्टेंबर
मायाक्काचा फोन — "कुमार, सीनेचं पाणी रानात शिरलंया!" आणि बंद. मग लागतच नाही.

थोरली बहीण, बिरुदेव दाजी, त्यांची लेकरं रुपाली अन् सिदू आणि ऐंशी मेंढरं. ज्वारी पेरायच्या आधी रानाला लेंडीखत व्हावं म्हणून बसलिंगप्पांना त्यांच्या शेतात मेंढरं बसवायची होती. जागा मीच जमवून दिली. वर म्हटलं, "नदी जवळ हाय, पाण्याची ददात न्हाय!" जीभ का झडली नाही माझी?

२३ सप्टेंबर
मदतीच्या नंबरवर चार फोन. "गावातली यादीतली सगळी माणसं शाळेत आणली, सुखरूप आहेत." मायाक्का यादीत नाही. कशी असेल? आज या रानात, उद्या त्या. गावानं आपली माणसं मोजली. मी ओरडलो. पलीकडचा पोरगा दमलेला — "साहेब, त्यांचा पत्ता सांगा की." काय सांगू? बसलिंगप्पांचं रान एवढंच ठाऊक, अन् त्यांचाही फोन लागेना.

बायको, ऋतुजा, म्हणाली, "दोन घास तरी खावा." ताट सारून पुन्हा फोन लावला.

२४ सप्टेंबर
सापडली!!

रस्ता बंद, शेवटचे चार कोस चालत. बसलिंगप्पा पाण्याच्या कडेलाच उभे होते. स्वतः मदतीच्या बोटीत बसले, रान दाखवायला. विहीर खणताना निघालेल्या मातीचा ढिगारा, तेवढाच वर. त्यावर मेंढरं दाटीवाटीनं आणि मधोमध चौघं.

बोटवाला म्हणाला, "माणसं घेतो, जनावरं न्हाय." दाजी हलेनात. मी हात जोडले, शिव्या दिल्या. दाजी म्हणाले, "आदी लेकरं न्या. ही मेंढरं माज्या जीवावर हायती, सोडून कुटं येऊ?" मायाक्का अन् लेकरांना घेतलं, परत येतो म्हणून निघालो. अंधार पडला, बोट दुसरीकडं गेली.

२५ सप्टेंबर
वरून धरणाचं पाणी सोडलंय. बोट मिळत नाही.

भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत लेकरं टीव्ही बघतायत. मायाक्का भिंतीला टेकून. एकदाच बोलली, "ढिगारा किती उंच हाय रं?" म्हटलं, लई उंच. खोटं! काल कंबरभरसुद्धा उरला नव्हता. मला भीती वाटतेय. फार.

२६ सप्टेंबर
सकाळी उठलो तर मायाक्का घरात नाही. लेकरांचे कपडे धुऊन दोरीवर. रुपाली म्हणाली, "आई म्हणली, मामाला उठवू नगं. बाबाला भाकरी देऊन येते."

दुपारी बसलिंगप्पांचा फोन. रडत होते. "थांब म्हणलं की हो! ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसली अन् गेली. ढिगाऱ्यापतुर पोचलेली बगितली मी. मग पाऊस आला, काई दिसंना."

२७ सप्टेंबर
पाणी चढतंच आहे.

१३ ऑक्टोबर
लेकरांना पेठेतल्या शाळेत घातलं. रुपाली तिसरीत, सिदू पहिलीत. बाईंनी विचारलं, "आई-वडील सहीला कधी येतील?" मग त्यांची नजर सिदूच्या मुंडण केलेल्या डोक्यावर गेली. मी म्हटलं, मामाची चालेल का?