या घराला किल्ली न्हाय

६ जुलै २०२५, रविवार
जिंकलो! आज भावकीची बैठक झाली. चार पिढ्या आमच्या भावकीचा एकच गणपती बसतो आणि तो थोरल्याच्या घरी, म्हणजे माझा मोठा भाऊ चांगदेव याच्या घरी. का? तर तो माझ्या आधी दोन वर्षं जन्मला. एवढंच त्याचं कर्तृत्व. यंदा बाप्पा माझ्या बंगल्यात बसणार. राघोकाका तेवढे म्हणाले, केसरीनाथ, एकदाच देतो, काय इस्कोट झाला तर परत नाव काढायचं न्हाय. मी म्हटलं, कबूल. इस्कोट आणि माझ्या घरात!

तीन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला चांगदेव सगळ्यांसमोर म्हणाला, बंगला बरा हाय, पन गोडाऊनसारका दिसतो. आमच्या पूर्णा गावात जिकडेतिकडे गोडाऊन, त्याला दुसरं काय दिसणार? तेव्हापासून बोलणं बंद.

संकल्प पहिला: चांगदेवच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मेलो तरी.

८ जुलै
मखर हॉलमध्ये. जागा मापून घेतली. आमच्या घरात सगळं 'ओरिव्हा' कंपनीचं स्मार्ट सामान. कुलूप, दिवे, बेल, टाकीची मोटर. फोनवर चालतं, तोंडाने सांगितलं तरी चालतं. भिंतीवरची बटणं काढून टाकली, गावंढळ दिसत होती. मागचं दार बुजवून तिथे टीव्ही लावला.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या होत्या, अडीअडचणीला म्हणे. अडीअडचण भिकाऱ्यांना असते. गेल्या वर्षी विसर्जनाला मैनाने, म्हणजे बायकोने, त्या रुमालात बांधून दिल्या. मी गाठ न सोडताच भावकीसमोर खाडीत भिरकावल्या आणि बाप्पाची शपथ घेऊन ओरडलो, या घराला किल्ली न्हाय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगदेवने नाही वाजवल्या. हात दुखत असतील.

१३ जुलै, रविवार
मास्टरप्लॅन तयार. मूर्ती घेऊन दारात यायचं, 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायचं, की कुलूप आपोआप उघडणार, दिवे सोनेरी होणार, आरती सुरू. चांगदेवचं थोबाड बघण्यासारखं होईल.

ट्रायल घेतली. फर्स्ट क्लास.

१५ जुलै
दुपारी आम्ही जेवत होतो, रस्त्यावरून मूर्तींचा टेम्पो गेला, पोरं मोरया ओरडली. दार सताड उघडलं, आरती लागली आणि चांगदेवची शेळी हॉलमध्ये येऊन मखराची जरीची झालर खाऊन गेली. मैना म्हणाली, हे काय चालवलंय तुम्ही? मी म्हटलं, सिस्टीम किती सेन्सिटिव्ह आहे बघ. बायकांना टेक्नॉलॉजी कळत नाही. शेळीला कळते.

२१ जुलै, सकाळी ९.१०
ओरिव्हाचा मेल. धनेशने, म्हणजे मुलाने, वाचून दाखवला. कंपनी भारतातला धंदा गुंडाळते आहे. दिवे आणि मोटर १० ऑगस्टला बंद. कुलूप २७ ऑगस्टला, सकाळी आठ वाजता. वर लिहिलंय, आमच्यासोबतच्या सुंदर प्रवासाबद्दल आभार.

कसला प्रवास? माझं कुलूप माझ्या दारावर आहे, ते कुठे गेलंय? आणि २७ ऑगस्ट म्हणजे गणेश चतुर्थी! नालायकांनी मुहूर्त बघून घाव घातलाय. धनेश म्हणाला, पप्पा, कुलूप आपलं असलं तरी त्याचं डोकं कंपनीकडे आहे. गोडाऊनमध्ये शिफ्ट इनचार्ज झाला म्हणून बापाला शिकवतो.

संकल्प दुसरा: कंपनीला गुडघ्यावर आणणार.

२४ जुलै
कस्टमर केअर. पन्नास मिनिटं बासरी ऐकवली आणि फोन कापला. पुन्हा लावला. पुन्हा बासरी. बासरी वाजवणाऱ्याचा पत्ता मिळाला तर त्याला आधी बघतो.

२५ जुलै
चॅटवर 'रिया' नावाची बाई सापडली. मी लिहिलं, पूर्ण्याचा केसरीनाथ म्हणतात मला, इथल्या अर्ध्या गोडाऊनांखाली माझ्या बापाची जमीन आहे, माझ्या घरी भावकीचा गणपती आहे, माझं कुलूप निदान महिनाभर चालू राहिलं पाहिजे. उत्तर लगेच आलं: युअर रिक्वेस्ट हॅज बीन नोटेड.

नोटेड! म्हणजे नोंद झाली. जमिनीच्या कामात तीस वर्षं काढली आहेत मी. एकदा नोंद झाली की विषय संपला, मग समोरचा कितीही उड्या मारो. प्रिंट काढून सातबाऱ्यांच्या फाइलमध्ये लावला. धनेश म्हणाला, पप्पा, ती बाई न्हाय, मशीन हाय. मी म्हटलं, मशीनने केलेली नोंद जास्त पक्की, तिथे कुणी पैसे खात नाही.

१० ऑगस्ट, रविवार
दिवे खरंच गेले. म्हणजे विझले नाहीत, जांभळ्या रंगावर अडकले. रात्रंदिवस जांभळे. बटणं नाहीत, बंद करणार कसे? मैना म्हणते, जेवणात आमटी हाय का रक्त हाय कळत न्हाय. मी म्हटलं, डेकोरेशनचा खर्च वाचला.

मोटरही अडकली, ती चालूवर. टाकी भरून पाणी चांगदेवच्या अंगणात. त्याने स्वतः येऊन मोटरचा मेन स्विच पाडला आणि गेला. माझ्या घराचा स्विच पाडायचा अधिकार याला कुणी दिला? मी वरच्या खिडकीतून सगळं बघत होतो. उतरलो नाही, तत्त्वाचा प्रश्न होता.

१६ ऑगस्ट
मैनाने अंबाडीहून विशालला बोलावलं, तो कुलपं बसवतो. साधं कुलूप बसवून देतो म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. मी दोघांनाही फाडून खाल्लं. चतुर्थी अकरा दिवसांवर आणि माझ्या दाराला पितळी कुलूप? चांगदेवसारखं? भावकीसमोर बाप्पाची शपथ घेतलीय, या घराला किल्ली न्हाय. यापुढे या घरात 'किल्ली' हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही.

मैनाने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, बरं. न्हाय काढत नाव. बघा, धाक लागतो.

२६ ऑगस्ट
उद्या. कुलूप मस्त चालतंय. रियाला आठवण म्हणून पुन्हा लिहिलं. पुन्हा नोटेड. दोन-दोन नोंदी.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
संध्याकाळ. हे चांगदेवच्या पडवीत बसून लिहितोय. कारण लिहितो.

सकाळी सात वाजता सगळी भावकी मूर्ती आणायला गेलो. दार ओढलं, कुलूप टक करून लागलं. सव्वानऊला परत. पाऊस. ताशा. मूर्ती माझ्याच हातात, पाटासकट, वरून रुमाल झाकलेला. चांगदेव मागे, छत्री धरून. मी दारासमोर उभा राहून छाती भरून ओरडलो, गणपती बाप्पा मोरया!

काही नाही.

पुन्हा ओरडलो. भावकी ओरडली. ताशावाले ओरडले. शेजारच्या गोडाऊनचे हमाल बाहेर येऊन ओरडले. धनेशने फोन बघितला, म्हणाला, पप्पा, ॲपच उघडत न्हाय. मी म्हटलं, नोंद दाखव त्यांना! तो म्हणाला, कुणाला?

ओवाळायचं ताट आत. पाय धुवायचा तांब्या आत. मखर, समया, सगळं आत. एकदा उचललेली मूर्ती वाटेत टेकवायची नाही, मागे फिरवायची नाही, ही आमची रीत. पाट मी पोटावर टेकवून धरला. वीस मिनिटं झाली. मैना शेजारी उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. एकदा पुढे झाली, काहीतरी बोलणार होती. मी ओरडलो, तू मध्ये बोलू नको! ती मागे झाली.

मग पलीकडच्या दारातून चांगदेवची बायको, कमळावहिनी, ताट घेऊन बाहेर आली. चांगदेवने छत्री धनेशकडे दिली आणि पाटाला हात घातला. भावाभावांनी मिळून मूर्ती त्याच्या घरात नेली. उंबरा आला तेव्हा माझे हात अडकलेले होते, पाय सुटा होता, त्याचा मी काय करणार? हा संकल्पभंग नाही. मूर्ती हातात असताना माझा पाय तो गणपतीचा पाय.

राघोकाका म्हणाले, झाला ना इस्कोट. यात माझा काय दोष? हरामखोर कंपनी.

२८ ऑगस्ट
धनेश दार तोडू म्हणाला. तोडू? लाखाची वस्तू! इंजिनिअर येणार, मी तिसरी रिक्वेस्ट टाकली आहे. तोवर चांगदेवच्या घरी. त्याची लुंगी, त्याचा बनियन. बनियन ढगळ आहे, माणूस सुटलाय फार. मी पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतो. माझा बंगला इथून दिसतो, तो बघवत नाही.

२९ ऑगस्ट
मैना आज हिरव्या साडीत. काल निळी होती. कमळावहिनीच्या असणार, पण वहिनी हिच्या दुप्पट आहे. बायका कसं जमवतात देव जाणे. माझ्या अंगावर तीच लुंगी.

ब्लडप्रेशरची गोळी मैनाने वेळेवर आणून दिली. पट्टी अर्धी संपलेली होती. मेडिकलवालेसुद्धा आता उघडलेला माल विकतात. कुणावर विश्वास ठेवायचा?

३० ऑगस्ट
चांगदेव अजून एक शब्द टोमण्याचा बोलला नाही. हा त्याचा डाव आहे. मला दाखवून द्यायचंय की तो मोठा आहे. आज जेवताना माझ्या पानात स्वतः करंजी वाढली. खाल्ली. रागातच खाल्ली.

करंज्या आमच्या घरच्या कातण्याने कापलेल्या दिसल्या, कडेला तीच बारीक नक्षी. मी मैनाला विचारलं, कातणं कुठून आलं? ती म्हणाली, खा मुकाट. थोरल्याच्या घरात राहून उद्धट झाली आहे.

३१ ऑगस्ट, रविवार. विसर्जन
बाप्पा गेले. खाडीत उतरताना डोळ्यांत पाणी आलं, पावसाचं.

इंजिनिअर आला नाही. शेवटी मी मोठ्या मनाने परवानगी दिली, विशालला बोलवा, ग्राइंडरने कापू दे. विसर्जनाहून सगळी भावकी माझ्या दारात जमली. विशालने मशीन चालू केलं. मैना म्हणाली, थांब रं. कमरेचा रुमाल सोडला. त्यात तीन किल्ल्या. एक लावली. दार उघडलं. एवढंच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही, ते जास्त वाईट. सगळ्यांना माहीत होतं, हे त्यांच्या तोंडांवरून कळलं. धनेशलासुद्धा.

मग खाडीत मी काय फेकलं? मैना म्हणाली, जुन्या पेटीच्या किल्ल्या, पेटी कवाच भंगारात गेली. मी ओरडलो, मग चतुर्थीला बाप्पा दारात उभा असताना का नाही काढल्या? ती ओरडली नाही. म्हणाली, तुमीच बाप्पाची शपथ घेतली, या घराला किल्ली न्हाय. त्याच बाप्पाला हातात घेऊन तुमी उभे होते. त्याच्यासमोर तुमाला खोटं पाडू? तरी बोलाया आले, तर गप केलं.

मी विशालला म्हटलं, आता बघतोस काय, मशीन उचल. 

२ सप्टेंबर
साधं कुलूप बसवलं. पितळी. किल्ल्या मैनाकडे. एक माझ्यासाठी मागितली. म्हणाली, तुमी फेकता. आल्यावर बेल वाजवा.

संध्याकाळी आलो. बेल ओरिव्हाची, मेलेली. दार ठोकलं. कुणी नाही. मैना पलीकडे होती, तिच्या जावेकडे. जावं लागलं. उंबऱ्याबाहेरूनच किल्ली मागितली, चांगदेव म्हणाला, आत ये रं, बस.

बसलो. चहा दिला. साखर कमी होती.